माझी हजाराची बोली

एप्रिलचा पहिला रविवार. रक्कम अकराशे रुपये. हजर सहा जण: पाळकसाहेब, कमिटीचे चिटणीस असलेले निवृत्त गुरुजी, किराणा दुकान चालवणारे एक पंच, महिला मंडळाच्या बाई, खजिनदार म्हणून मी, आणि ज्याच्याकडे ही रक्कम बाकी होती तो माणूस. उपासना सुटून अर्धा तास झाला होता. चर्चच्या छपराचे पत्रे तापायला लागले होते, म्हणून मागच्या दाराजवळ थोडा वारा लागतो तिथे आम्ही बाक ओढून बसलो होतो. तो बाकावर बसला नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

गुरुजींच्या हाताला कंप आहे. म्हणून त्या बैठकीचं इतिवृत्त मीच लिहिलं, आणि तो कागद अजून माझ्याकडे आहे.

आमचं गाव कुरखेड्यापासून आत, धानाच्या पट्ट्यात. ख्रिस्ती घरं एकतीस. मी धान खरेदी केंद्रावर कारकून आहे. चाळीस किलोच्या पोत्यात दोनशे ग्रॅमचा फरक दिसला तरी मी पोतं पुन्हा काट्यावर ठेवायला लावतो. यावरून लोक मला नावं ठेवतात, पण याच सवयीमुळे अकरा वर्षांपूर्वी चर्चच्या मंडळीने मला खजिनदार केलं. या अकरा वर्षांत माझ्या वहीत एका रुपयाची चूक निघालेली नाही, आणि मला त्याचा अभिमान होता.

धान घरात आलं की डिसेंबरात आमच्याकडे हंगामाचा सण होतो. प्रत्येक घर आपल्या पिकातलं काहीतरी वेदीपुढे आणून ठेवतं. कोणी सूपभर नवे तांदूळ, कोणी तुरीच्या शेंगा, कोणी पाय बांधलेली कोंबडी. प्रार्थना झाली की त्याच वस्तूंचा अंगणात लिलाव होतो. वीस रुपयांची वांगी दोनशेला जातात. वस्तू निमित्तापुरती, देणं देवाचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्या दिवशी खिशात पैसे नसले तरी बोली लावता येते, मार्चअखेरपर्यंत भरले की झालं. मार्चच्या शेवटच्या रविवारी बाकीदारांची नावं उपासनेत वाचायची, आणि बाकी असलेल्या घरची लग्नाची घोषणा चर्चमध्ये करायची नाही, हे दोन नियम मी खजिनदार झाल्यावर मांडले. कमिटीने मान्य केले.

त्या वर्षी वाचायला एकच नाव होतं. मी ते मोठ्याने आणि स्पष्ट वाचलं, रकमेसकट. तो मुलीबरोबर तिसऱ्या बाकावर बसला होता. मुलीने ओढणी कपाळावर ओढून घेतली. त्याने मात्र मान खाली घातली नाही, समोर वेदीकडे पाहत राहिला.

आणि नेमकं त्याच मुलीचं लग्न ठरलं होतं, मेच्या सुरुवातीला. आमच्यात लग्नाआधी लागोपाठ तीन रविवार घोषणा वाचतात, कोणाची हरकत असेल तर सांगायला वेळ मिळावा म्हणून. मुलगा सूरजागडकडे खनिजाचा ट्रक चालवतो. त्याला त्याच आठवड्याची रजा मिळाली होती. नंतर तेंदूपत्त्याचा हंगाम, मग पाऊस. पुढच्या रविवारी पहिली घोषणा झाली नाही तर तारीख हातची जाणार होती, आणि मग पुढचा मुहूर्त दिवाळीनंतर. मुलाकडची माणसं तोवर थांबतील की नाही, हे कोणी सांगू शकत नव्हतं. बैठक त्यासाठीच होती.

"काय करायचं, भाऊ?" पाळकसाहेबांनी त्याला विचारलं.

"देतो ना साहेब. मोहफुलं विकून सहाशे जमले हायेत. बाकीचे पाचशे लग्न झाल्यावर देतो."

"नियम पूर्ण रकमेचा आहे," मी म्हणालो.

किराणावाले पंच चांगले माणूस आहेत, पण त्यांना गप्प बसवत नाही. "अरे बाबा," ते म्हणाले, "अकराशे रुपयाचं कोहळं! नागपूरच्या मोठ्या हॉटेलातबी कोणी खाल्लं नसन."

कोहळं म्हणजे आमच्याकडे लाल भोपळा. हंगामाच्या लिलावात त्याने तोच अकराशेला घेतला होता. सगळे हसले. तोही थोडा हसला.

मी हसलो नाही. मी म्हणालो, "परवडत नव्हतं तर बोलायचं नव्हतं. चर्चच्या अंगणात दिलेला शब्द आहे. शब्द खोटा करायचा तर बोली कशाला लावायची?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "बरोबर हाये, भाऊ," म्हणाला, आणि चप्पल घालून निघून गेला. पुढच्या रविवारच्या आत पूर्ण रक्कम जमा झाल्यास घोषणा वाचावी, असं मी लिहिलं. पाचही जणांच्या सह्या झाल्या. पाळकसाहेबांनी सही करण्याआधी पेन बराच वेळ कागदावर धरून ठेवलं होतं. तेव्हा मला वाटलं, ऊन लागलं असेल.

घरी आलो तर बायकोने ताट वाढलं. काय ठरलं ते तिने विचारलं, मी सांगितलं.

"नियम सगळ्यांना सारखा," मी वर म्हणालो.

"हो. पण लिलावात तुमी त्याच्यासंगं बोली चढवून राह्यले होते, ते कायले?"

"लिलाव होता. लिलावात बोलतात."

"कोहळं तुमाले चालते?"

मला कोहळं लहानपणापासून आवडत नाही. भाजीत आलं तर फोडी बाजूला काढून ताटाच्या कडेला ठेवतो. लग्नाला तेवीस वर्षं झाली, त्या फोडी तीच उचलते.

"तुमच्या हजारावर तो थांबला असता," ती म्हणाली, "तं हजार रुपये देऊन तुमी कोहळं घरी आणलं असतं? मी शिजवलं असतं, अन् तुमी खाल्लं असतं?"

"तो थांबणारच नव्हता."

"म्हंजे तुमाले माहीत होतं."

एवढं म्हणून तिने भातावर वरण वाढलं आणि ती पाणी आणायला आत गेली.

दुपारी मी डिसेंबरची वही काढली. लिलावाच्या पानावर सेहेचाळीस ओळी आहेत. प्रत्येक वस्तूपुढे घेणाऱ्याचं नाव, रक्कम, आणि उजव्या समासात पेन्सिलने चढती बेरीज. चढती बेरीज कोणी मागत नाही, मी माझ्यासाठी करतो. पानाच्या वरच्या कोपऱ्यात एक आकडा चौकटीत लिहिलेला होता: १८,६४०. ही आदल्या वर्षीची एकूण जमा. पंचेचाळिसाव्या वस्तूनंतरची बेरीज होती १७,७२०. शेवटची वस्तू कोहळं.

मग मला तो लिलाव सगळा आठवला. आजवर तो मी आठवलाच नव्हता, फक्त त्याची बेरीज लक्षात ठेवली होती.

कोहळं त्याच्याच घरचं होतं. त्याची बायको त्या पावसाळ्यात गेली होती. मुलीने ते डोक्यावर घेऊन वेदीपुढे ठेवलं होतं, आणि ते सगळ्यांनी पाहिलं होतं. लिलावात पन्नासपासून सुरुवात झाली. महिला मंडळाच्या बाई एकशे ऐंशीवर थांबल्या. तो दोनशे म्हणाला. आपण वाहिलेली वस्तू आपणच घ्यायची पद्धत नाही, पण मनाईही नाही. पुढे कोणी बोलेना. तिथेच ते संपायला हवं होतं.

मी अडीचशे म्हणालो.

तो तीनशे. मी चारशे, तो पाचशे. मी सहाशे, तो सातशे. लोक टाळ्या वाजवायला लागले. "सोडू नका भाऊ!" असं कोणी तरी ओरडलं, ते मला होतं की त्याला, माहीत नाही. मी आठशे म्हणालो, तो नऊशे म्हणाला, आणि मी मनात बेरीज केली: अठरा हजार सहाशे वीस. वीस रुपये कमी. आदल्या वर्षीपेक्षा वीस रुपये कमी.

मी हजार म्हणालो. त्याच्याकडे बघून म्हणालो. त्याचा चेहरा पाहून मला कळलं होतं की हा सोडणार नाही. त्याने सोडलं असतं तर मी काय केलं असतं, याचा विचार माझ्या मनात आलाच नाही, इतकी माझी खात्री होती. तो अकराशे म्हणाला आणि मी हात जोडून मागे सरलो. लोकांना ते माझं मोठं मन वाटलं. मग मी वही उघडून जाहीर केलं, यंदा एकशे ऐंशी रुपये जास्त. पाळकसाहेबांनी देवाचे आभार मानले.

वहीत एकही आकडा खोटा नव्हता. खोटा आकडा मी तोंडाने बोललो होतो, हजार, आणि तो कुठल्याच रकान्यात येत नव्हता. तीच गोष्ट मी सकाळी त्या माणसाला ऐकवली होती, शब्द खोटा करायचा तर बोली कशाला.

प्रभुभोजनाच्या आधी आमच्याकडे एक मिनिट शांत बसतात. ज्याने त्याने आपलं मन तपासायचं आणि मग भाकर घ्यायची, अशी शिकवण आहे. डिसेंबरपासून मार्चपर्यंत चार वेळा मी ते मिनिट पाळलं. डोळे मिटून मी काय करत होतो ते खरं सांगायचं तर, कोण उशिरा आलं, कोणाची वर्गणी राहिली, हे मनात मांडत होतो. एकदा तर त्याचीच अकराशेची बाकी माझ्या मनात होती. आणि वेदीपाशी दान आणलं असताना भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असं आठवलं, तर दान तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जावं, हेही मी पन्नास वेळा ऐकलं आहे. प्रत्येक वेळी त्यातला भाऊ मी मलाच समजत आलो. लोकांनी माझ्याकडे यायचं.

सोमवारी उजाडताच मी मोटारसायकल काढली. मोहाचे दिवस, म्हणजे तो घरी भेटणार नव्हता. रस्त्याच्या कडेला गाडी लावून आत गेलो. दोन मोठ्या मोहांखाली तो आणि मुलगी फुलं वेचत होते. खालचा पालापाचोळा जाळून जागा साफ केलेली होती, काळ्या जमिनीवर पिवळी फुलं.

"या भाऊ," तो वाकलेलाच म्हणाला. "एवढ्या सकाळी? पैसे तं आज नाई भेटत."

"पैशासाठी नाही आलो."

मी खाली बसलो आणि नुसतं बसवेना म्हणून फुलं वेचायला लागलो. मग सांगितलं. आदल्या वर्षीचा आकडा, वीस रुपये, आणि माझी बोली भरायची माझी तयारी नव्हती हे. तो हात थांबवून ऐकत होता. मुलगी टोपली घेऊन दुसऱ्या झाडाकडे गेली, पण कान इकडेच होता.

"मले वाटलं, तुमच्या घरी पाहिजे असन," तो म्हणाला. "वहिनीले पोरीच्या आईच्या हातचं कोहळं आवडे. दरवर्षी एक पाठवत होती ती."

हे मला माहीत नव्हतं. कोहळं मी पाहतच नाही, ते कुठून येतं ते काय पाहणार.

"तुमी थांबले तवा मले बरं वाटलं," तो पुढे म्हणाला. "म्हटलं, भाऊनं माह्यासाठी सोडलं."

मी विचारलं, "इतकं कशाला चढलात?"

"तिच्या माहेरचं बी होतं ते, भामरागडकडचं. वेलावर सात लागले होते. सहा माकडांनी फोडले. एकच टिकलं. पोरगी म्हणे, आई दरवर्षी नेत होती, आपूनबी नेऊ. म्हटलं ने, लिलावात आपूनच घेऊ, बी तरी राहीन. शंभर-दोनशे लागतीन." तो हसला. "तुमी असान हे ध्यानात नाई आलं."

येताना वाटेत मी हिशोब करून आलो होतो. मी म्हणालो, "दोनशे तुमचे. वरचे नऊशे मी भरतो. आजच भरतो. रविवारी घोषणा होईल."

त्याने एक फूल उचललं, त्यावरची माती झटकली. "तुमी भरले, तं तो वरचा आकडा तोच राहीन?"

"कुठला?"

"तुमी वाचला होता तो. अठरा हजार कितीक."

"आठशे वीस. हो, तोच राहील."

"मंग तं तुमचं कामच झालं ना, भाऊ."

"बाबा!" मुलगी तिकडून म्हणाली.

"खोटं बोलून राह्यलो का मी?" तो तिला म्हणाला, आणि पुन्हा वेचायला लागला.

त्याच्या आवाजात राग नव्हता. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. मी विचारलं, मग मी काय करू? तो म्हणाला, मी काय सांगू, तुमी शिकलेले. मी वेचलेली फुलं त्याच्या टोपलीत टाकून निघालो. केंद्रावर त्या दिवशी माझं वजनात लक्ष नव्हतं, हमालाने दोनदा हटकलं.

नऊशे रुपये भरून मी माझा आकडाच वाचवत होतो, हे त्याने बरोबर ओळखलं होतं. ती बेरीज खाली यायला हवी होती, आणि ती मी खाली आणायला हवी होती, जिथे वर नेली तिथेच.

शनिवारी मी कमिटी बोलावली आणि सगळं सांगितलं. किराणावाले पंच चिडले.

"मंग पुढच्या वर्षी कोणी बोलनंच नाई! मीबी तं वाढवून बोलतो. गंमत असते ते."

"तुम्ही बोलता, आणि तुमच्यावर आली तर पैसे देता ना?"

"तं देतोच ना!"

"मी देणार नव्हतो."

गुरुजींना वेगळी काळजी. वर्ष बंद झालं, हिशोब मंजूर झाला, आता खाडाखोड कशी करायची? मी म्हणालो, खाडाखोड नाही, येणे बाकीतून नऊशे वजा, कारण खजिनदाराची खोटी बोली. गुरुजी म्हणाले, असं कारण आजवर वहीत कोणी लिहिलेलं नाही. मी राजीनामा पुढे ठेवला. महिला मंडळाच्या बाई म्हणाल्या, "राजीनामा देऊन सुटता काय? हिशोब कोण लिहीन, मी?" पाळकसाहेब एवढा वेळ ऐकत होते. त्यांनी विचारलं, "हे मंडळीपुढे तुम्ही स्वतः बोलाल?" मी हो म्हणालो. लग्नाच्या घोषणेचा नियम त्यांनी तिथेच रद्द करायला लावला. नावं वाचण्याचा विषय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला, आणि तो अजून ढकललेलाच आहे.

रविवारी सूचनांच्या वेळी मी उभा राहिलो. बोली कशी चढली ते सांगितलं. मार्चच्या शेवटच्या रविवारी ज्याचं नाव वाचलं त्याने दोनशेला घेतलेली वस्तू मी खोटं बोलून अकराशेवर नेली, असं सांगितलं. यंदाची खरी जमा सतरा हजार नऊशे वीस, आदल्या वर्षीपेक्षा सातशे वीस रुपये कमी, हे वाचलं. त्याची आणि देवाची क्षमा मागितली.

पुढच्या बाकावरच्या म्हातारीला कमी ऐकू येतं, ती मोठ्याने म्हणाली, "काय म्हणते हा?"

"कोहळ्याचे पैसे कमी झाले म्हणते," शेजारणीने सांगितलं.

"बरं झालं. लई महाग झालं होतं."

तेव्हा लोक हसले, मीही हसलो. मग पाळकसाहेबांनी घोषणा वाचली, मुलीचं नाव, मुलाचं नाव, दोघांची गावं. कोणाची हरकत आहे का, विचारलं. कोणाची नव्हती. मुलीची ओढणी खांद्यावरच होती.

उपासना सुटल्यावर तो माझ्या टेबलापाशी आला. त्याच्याकडे सहाशे रुपये होते, रुमालात बांधलेले. त्याने माझ्यासमोर ते मोजले, शंभराच्या दोन नोटा टेबलावर ठेवल्या आणि बाकीचे पुन्हा रुमालात गुंडाळले.

"पावती द्या," म्हणाला.

दोनशे रुपये, हंगामाच्या सणाचे, मंडळीला मिळाले. देणाऱ्याच्या जागी त्याचं नाव, घेणाऱ्याच्या जागी माझी सही. पावती त्याने नीट वाचली, रक्कम अक्षरात लिहिली आहे ना ते पाहिलं, आणि मग घडी करून खिशात ठेवली.